आधी लोगो की आधी पावतीपुस्तक?

नव्या स्थानिक इतिहास संग्रहालयाचा विषय निघाला आणि कट्टा तापला. पेंटरनं मोबाइल पुढे केला. लोगोत कमान, तलवार, लेखणी, उगवता सूर्य, सगळं एकाच वर्तुळात कोंबलेलं.

"आता हे रबरी शिक्क्याएवढं कर," वकील म्हणाला. केलं. तलवार-लेखणी एकजीव झाल्या, सूर्याचा डाग उरला.

"लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा लोगो बघ. डिझायनर ॲलन फ्लेचरचा, १९८९चा. नुसती 'व्ही' आणि 'ए' ही अक्षरं. 'ए'चा डावा पाय उडवलाय, मधलं 'अँड'चं चिन्हच त्याची आडवी रेघ होतं," वकील पुढे म्हणाला.

"त्यांना जग ओळखतं. आपल्याला कोण ओळखतं?" पेंटर चिडला. तसं त्याचंही खोटं नव्हतं.

"लोगो राहू दे, पैसे कसे मागणार ते बोला," मास्तर मध्ये पडले. "'भव्य वास्तूस सढळ हस्ते मदत करा' असलं पत्रक कोणी वाचत नाही. २०१०मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानं जर्मन चित्रकार क्रानाखचं 'थ्री ग्रेसेस' घ्यायला लोकांपुढे झोळी पसरली. चित्र ४० लाख युरोंचं, कमी पडत होते १० लाख. सुमारे ७ हजार लोकांनी भरले. वस्तू एक, आकडा एक."

पेंटरचा राग पळाला. "म्हणजे पत्रकावर कमान नकोच! संग्रहालयातल्या जुन्या वहीचं वाळवीनं अर्धं खाल्लेलं पान छापू. खाली क्यूआर कोड, आणि ते पान वाचवायला किती लागतात तेवढंच."

"आणि वहीच्या नावानं जमवलेले पैसे पहारेकऱ्याच्या पगारात घातलेस की दाते उद्या हिशेब मागायला दारात," वकील. "वीजबिल, दमट हवा आटोक्यात ठेवणारी यंत्रं, यांच्याशेजारी उभं राहून कोण फोटो काढून घेणार?"

"अरे, अमेरिकेतल्या पेपरवाल्या पुलित्झरनं १८८५मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या चौथऱ्यासाठी लाखावर डॉलर जमवले. पुतळ्यासाठी नाही, चौथऱ्यासाठी! बहुतेकांनी डॉलरभरही दिला नव्हता, तरी प्रत्येकाचं नाव पेपरात छापलं."

"चौथरा बांधला की संपला, मास्तर. वीजबिल दर महिन्याला येतं."

इथे मी वकिलाच्या बाजूनं. पावतीवर दोन रकाने हवेत, एक वस्तूंचा, एक चालू खर्चाचा, आणि दुसरा बारीक अक्षरांत दडवायचा नाही. मास्तरांना पटलं नाही. दुसरा रकाना दिसला की देणारा हात आखडतो, असं त्यांचं म्हणणं. वाद तिथेच अडला. पेंटरनं मात्र तोवर तलवार खोडली होती. सूर्य सोडायला तयार नाही.