निर्बंधांच्या कितीतरी आधीपासून

'२०२२च्या निर्बंधांनंतर रशियन लोक नाइलाजाने ओपन सोर्सकडे वळले' हे रशियातल्या ओपन सोर्सवरच्या (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवरच्या) लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. निर्बंध म्हणजे युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियावर लादलेले. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरं असेलही, पण तिथल्या प्रोग्रामरांचं काय? इगोर पावलोव यांचं फाइली आकसून लहान करणारं सेव्हन-झिप १९९९चं आहे, इगोर सिसोएव यांचा वेबसाइटी चालवणारा एन्जिनएक्स सर्व्हर २००४मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही एका वाचनालयाची मराठी पुस्तकांची यादी पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर चढवली. शोधताना लोक ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात आणि पुस्तक सापडत नाही. मग शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून साम्य मोजणारं पोस्टग्रेसचंच एक एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) लावलं, थोडी खटपट केली, आणि 'कवीता' लिहिलं तरी 'कविता' मिळायला लागली! त्याच्या माहितीपानाच्या तळाशी लेखकांमध्ये ही दोन नावं होती: ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगाएव, मॉस्को. बार्तुनोव तर मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्या रात्री मी ती नावं वहीत लिहून ठेवली.

आणि एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. ऑक्टोबर २०२४मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीच्या गाभ्याच्या) मेन्टेनरांच्या, म्हणजे त्याचे भाग सांभाळणाऱ्यांच्या यादीतून डझनभर रशियन नावं काढली गेली. कारण कायद्याचं, म्हणजे निर्बंधांचं होतं हे कळतं. पण वर्षानुवर्षं इतरांचे पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) तपासणाऱ्या माणसांना निदान आभाराचे दोन शब्द तरी आधी मिळायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.