नुसतं ऊन

"बाहेर ऊन काय सुरेख पडलंय!" बायको म्हणाली.

मी खिडकीतून डोकावलो. पडलं होतं खरंच. "हो ना," म्हणालो आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दहा मिनिटांनी ती बादली उचलून स्वतःच गच्चीकडे निघाली. कडी जरा जास्तच वाजली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते वाक्य उन्हाबद्दल नव्हतंच. ते बादलीतल्या पिळलेल्या कपड्यांबद्दल होतं.

मी पडलो शब्दाला शब्द मानणारा, आणि माझ्या नशिबी माणसं आली आहेत भलतीच. ताईला "कशी आहेस?" विचारलं की ती "सांगते, पण आधी मागचं ऐक" म्हणते, आणि ते मागचं दोन वर्षांपूर्वीपासून सुरू होतं. मुलगा सगळ्या प्रश्नांना "हं" म्हणतो. साहेब रात्री साडेदहाला "उद्या बोलू." एवढंच पाठवतात. त्या पूर्णविरामाकडे बघत मी रात्र काढतो, आणि सकाळी कळतं, त्यांना स्टेपलर हवा होता.

पण बायकोची तऱ्हा सर्वात अवघड. एडवर्ड हॉल नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ सालीच लिहून ठेवलंय, की काही समाजांत अर्थ शब्दांत कमी आणि आजूबाजूच्या संदर्भात जास्त असतो. तो समाजांबद्दल बोलत होता. आमच्याकडे एका सोफ्यावर असे दोन समाज बसतात. आपल्या म्हणीत निदान लेकीला बोललं की सुनेला लागतं. इथे उन्हाला बोललेलं मला लागायला हवं असतं, आणि लागत नाही.

त्यात मी उत्तरालाही मंद. दहा भाषांतल्या संभाषणांचा २००९ साली अभ्यास झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद घेतात, असं त्यात दिसलं. डोळ्याची पापणीसुद्धा एवढ्यात धड लवत नाही! मला चांगले तीन सेकंद लागतात. तेवढ्यात तिकडून "राहू दे" आलेलं असतं. आणि "राहू दे" म्हणजे काहीही झालं तरी राहू द्यायचं नाही, हे शिकायला मला लग्नानंतर सहा वर्षं लागली.

शेवटी सुधारायचं ठरवलं. "पंखा आवाज करतोय ना?" ऐकताच स्टूल आणलं. "कपाट किती भरलंय" म्हटल्याबरोबर माझे चार जुने शर्ट बाहेर काढले. (त्यातला एक तिला आवडायचा, हे मागाहून कळलं. पण दिशा बरोबर होती.)

परवा संध्याकाळी ती म्हणाली, "बाहेर ढग आलेत बघ."

मी एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढत गच्ची गाठली. दोरीवर एक चिमटा सोडून काही नव्हतं. धापा टाकत खाली आलो.

"कुठे गेला होतास?"

"ढग... कपडे..."

"कपडे दुपारीच काढले मी. नुसते ढग म्हटलं. केवढे छान दिसतायत, म्हणून."

यावर काय बोलावं हे तीन सेकंदांत काही सुचलं नाही. मी "हं" म्हणालो.