"पोट बिघडलं होतं म्हण"

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये अकराव्या आठवड्यात माझं मिसकॅरेज झालं. सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत, दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग, संध्याकाळी घरी. धो धो पाऊस, रिक्षा म्हात्रे पुलावर अडकलेली, आणि सासूबाई माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "सोसायटीत कुणी विचारलं तर पोट बिघडलं होतं म्हण गं." वाईट नाहीत त्या, रात्रभर माझ्या उशाशी बसल्या होत्या. पण तेव्हापासून रडू आलं की आधी कुणी बघत नाही ना ते मी बघायला लागले.

गेल्या रविवारी कर्वेनगरला मैत्रिणीकडे गेले होते, ती चित्रकला शिकवते, बायकांनी काढलेली बाईच्या शरीराची चित्रं यावर तिला लेक्चर द्यायचं होतं आणि ती लॅपटॉपवर स्लाइड्स लावत होती. एका चित्रावर मी तिला थांबवलं. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल', १९३२ सालचं, त्याच हॉस्पिटलात तिचं मिसकॅरेज झालं तेव्हाचं.

फुलं माळलेली, भुवया जुळलेली फ्रिडा आपण पिशव्यांवर सुद्धा बघतो, ही ती नाही. लोखंडी पलंगावर नागडी पडलीये, पोट अजून फुगलेलंच, चादरीवर रक्त, गालावर एकच मोठ्ठा अश्रू. पोटाशी धरलेल्या हातातून नाळेसारख्या सहा लाल दोऱ्या निघतात आणि प्रत्येकीच्या टोकाला काहीतरी, गर्भ, ऑर्किडचं फूल, एक यंत्र, पोटाच्या आतलं दाखवणारं धड, कमरेचं हाड आणि एक गोगलगाय. हाड अशासाठी की अठराव्या वर्षी बसच्या अपघातात तिचं ते हाड मोडलं होतं. आणि गोगलगाय, कारण ते सगळं फार सावकाश होत गेलं. मला ती गोगलगाय कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

चित्र जेमतेम फूट-सव्वा फुटाचं, पत्र्यावर काढलेलं. मेक्सिकोत आजारातून उठलो, अपघातातून वाचलो की अशी पत्र्यावरची छोटी चित्रं चर्चमध्ये वाहतात, आपल्याकडे नवस फेडायला चांदीचे डोळे वाहतात, पाळणा बांधतात तसंच. त्यात वरच्या बाजूला देव किंवा संत असतो. फ्रिडाने पत्रा तोच घेतला, पण तिचं काहीच वाचलं नव्हतं आणि वर देवही काढला नाही.

मैत्रीण म्हणाली दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम असलं कशाला काढायचं, घरात कोण लावणार. हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. भरल्या पोटासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत, दिवस गेले, गोड बातमी, डोहाळे, चोरओटी. आणि रिकामं झालं की? गर्भपात म्हटलं तर केला की झाला तेच लोकांना कळत नाही, जुन्या बायका "पडलं" म्हणतात, जसं काही माझ्या हातून सांडलं. माणूस गेलं तर दहावा-तेरावा असतो, याला काहीच नाही. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात मिसकॅरेजनंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती, मला माहीत होतं, तरी मी मागितली नाही कारण अर्जात कारण लिहावं लागलं असतं. मी व्हायरल फीवर लिहिलं आणि सोमवारी कामावर गेले.

त्याच हिवाळ्यात नात्यात एकीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला मी नारळ हातात घेऊन उभी राहिले तर एका मावशींनी तो अलगद काढून घेतला, "तू राहू दे बाळा, तू पानांचं बघ." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! मग मी पोट बिघडलं होतं ते नक्की कुणाला सांगत होते इतके महिने?

असली चित्रं हे बाहेरचं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी आपली लज्जागौरी बघावी. तेरला सापडल्यात, बदामीच्या म्युझियममध्ये मोठी आहे, बाळंतपणाला बसावं तशी पाय फाकवून बसलेली, डोक्याच्या जागी कमळ. आपल्या पुण्याच्या रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मूल व्हावं म्हणून बायका तिला पुजत आल्या, उघड्या शरीराची लाज तिथे कुणाला वाटली नाही. पण तीही भरल्या पोटाचीच देवी. रिकाम्या पोटाचं चित्र मी त्या रविवारपर्यंत कुठेच बघितलं नव्हतं, आणि असं काहीतरी असू शकतं हे त्या जुलैत मला माहीत असतं तर मी इतकी एकटी पडले नसते.

पलंगाच्या कडेला फ्रिडाने हॉस्पिटलचं नाव आणि जुलै १९३२ असं लिहून ठेवलंय, कुणापासून काही न लपवता. घरी आल्यावर मी माळ्यावरून त्या वर्षाचं कालनिर्णय काढलं. आमच्याकडे सगळं त्यावर लिहितात, दूध, इस्त्री, पेपरचं बिल. त्या तारखेच्या चौकटीत फक्त "सिलेंडर लावला" एवढंच होतं. त्याखाली मी लाल पेनने लिहिलं, अकरा आठवडे.

सासूबाईंनी वाचलं. काही बोलल्या नाहीत. कालनिर्णय परत माळ्यावर टाकायला मी उठले तर माझ्या हातातून घेतलं आणि त्यांच्या कपाटात, साड्यांच्या खाली नीट ठेवलं.