पथारीवाल्याच्या माळा तुडवून चीनचं काय बिघडतं?

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर तोच निरोप फिरायला लागतो. चिनी माळा घेऊ नका, आणि जो विकत असेल त्याच्याकडून काहीच घेऊ नका. मग कुठल्या तरी पक्षाचे चार कार्यकर्ते मोबाइल घेऊन बाजारात शिरतात, एखाद्या पथारीवाल्याचा माल रस्त्यावर ओततात, पायाखाली तुडवतात आणि घोषणा देतात. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे.

त्या माळेचे पैसे चीनमधल्या कारखानदाराला केव्हाच पोचलेले असतात. आयातदाराने न्हावाशेव्याला कंटेनर उतरवला, सीमाशुल्क भरलं, मुंबईच्या लोहार चाळीत माल गेला, तिथून आमच्या पुण्याच्या तपकीर गल्लीत आला, आणि शेवटी पथारीवाल्याने उधारीवर दोन-चार खोकी उचलली. सरकारला त्यातून सीमाशुल्क मिळालं, जीएसटी मिळाला. ज्या मालावर सरकारने कर घेऊन आत येऊ दिलं, तो विकणारा गुन्हेगार कसा? आणि माळ तुडवली गेल्यावर उधारी फेडायची कुणी? आयातदाराच्या ऑफिसात जाऊन घोषणा दिल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

15 जून 2020 ला लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान शहीद झाले. तेव्हाचा संताप खरा होता, माझाही होता. महिनाअखेरीला 59 चिनी अॅप्सवर बंदी आली, काही ठिकाणी लोकांनी टीव्ही फोडले. पुढे काय झालं ते सरकारी आकड्यांतच आहे. 2020-21 मध्ये चीनमधून आपली आयात सुमारे 65 अब्ज डॉलर होती, 2024-25 मध्ये ती 113 अब्जांवर गेली. चीनबरोबरच्या व्यापारातली तूट जवळपास 99 अब्ज डॉलर. एवढा पैसा माळा आणि खेळण्यांवर जात नाही. फोनचे सुटे भाग, यंत्रसामग्री, सोलर पॅनेलचे सेल, रसायनं, औषधांचा कच्चा माल हे सगळं त्यात आहे. हा माल कारखान्याच्या गेटमधून आत जातो, म्हणून बाजारात फिरणाऱ्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

पिंपरीचंच बघा. 1954 साली तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशाचं पेनिसिलिन तिथे बनायचं, आणि त्या कारखान्यामुळेच एका वसाहतीचं आयुष्य उभं राहिलं. पुढे चिनी पेनिसिलिन-जी इतकं स्वस्त येऊ लागलं की आपल्याकडे ते बनवणं एकेका कारखान्याला परवडेनासं झालं आणि देशातलं उत्पादन थांबलं. प्रतिजैविकांसारख्या गोष्टीसाठी आपण एका देशावर विसंबून राहिलो. खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ही होती, पण तिच्यासाठी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. 2020 नंतर केंद्राने प्रोत्साहन योजना आणली आणि आंध्रात काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना उभा राहिला. हे पाऊल मला पूर्ण मान्य आहे. जिथे परावलंबन जिवावर बेतू शकतं तिथे सरकारने पैसा घालावा, गरज पडली तर आयातशुल्कही वाढवावं.

2025 मध्ये चीनने मोटरमध्ये लागणाऱ्या दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली तेव्हा आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या उत्पादनाला फटका बसला. त्याच वर्षी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, खतांची आवक अडली. ही खतं मोठ्या प्रमाणावर चीनमधूनच येतात. ती ठिबकमधून द्राक्षबागेला जातात, आणि नाशिकची तीच द्राक्षं पुढे नेदरलँड्सला जातात. त्या बागायतदाराला कोण विचारणार की तुझं द्राक्ष स्वदेशी की परदेशी? बाहेरचं खत आत आलं नाही तर आपला माल बाहेर जात नाही, इतकं हे एकमेकांत गुंतलेलं आहे.

या सगळ्यात बाबू गेनूंचं नाव घेतलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला तो गिरणी कामगार परकीय सत्तेसमोर उभा होता. हातावर पोट असलेल्याच्या मालावर पाय देणारा माणूस त्यांचा वारस होऊ शकत नाही. आणि महाराष्ट्रातल्या जुन्या स्वदेशीने नुसती होळी केली नव्हती. एकेक पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा केला, किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनवले, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत पोचवला. लोकांच्या हातात देण्यासारखी वस्तू त्यांच्याकडे होती. आजच्या घोषणेमागे कुठली वस्तू आहे?

आता कांद्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण माझा सगळ्यात जास्त राग तिथे आहे. स्वदेशीची भाषणं होत असतानाच लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याचा अस्सल स्वदेशी माल देशाबाहेर जायचा बंद केला गेला. सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी, सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी, ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबर 2023 मध्ये परत बंदी. ती मे 2024 मध्ये, लोकसभेचं मतदान सुरू असताना उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्काच्या अटीवर. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. बांगलादेश, श्रीलंका, मलेशियाचे ग्राहक तोवर पाकिस्तान आणि चीनच्या कांद्याकडे वळले होते. वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक आपण आपल्या हाताने त्यांना दिलं.

मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिथलं सफरचंद घ्यायचं नाही असं ठरवलं. स्वतःचा धंदा बाजूला ठेवून घेतलेला तो निर्णय होता, त्याचा मला आदर आहे. पण 2019 च्या डिसेंबरात त्याच तुर्कस्तानचा आणि इजिप्तचा कांदा सरकारने स्वतः मागवला होता. तेव्हा आपल्या कांद्याला बाहेर जायची बंदी होती. राज्यांनी तो परदेशी कांदा नीट उचललाही नाही, बराचसा पडून राहिला. त्या वेळी कुणाची देशभक्ती जागी झाली नाही, कारण शेतकऱ्याच्या तोट्याचा व्हिडिओ निघत नाही.

शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी आयुष्यभर हेच सांगत राहिले, की शेतकऱ्याला भीक नको, बाजार मोकळा करा. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही, पण कांद्यावर त्यांचं म्हणणं आजही खोडता येत नाही.

या दिवाळीत आमच्या भागात चिनी मालाविरुद्ध फलक लागले तर लावणाऱ्याला मी दोनच गोष्टी विचारणार आहे. पथारीवाल्याच्या नुकसानीची भरपाई तुमचा पक्ष देणार का? आणि कांदा चाळीत भरलेला असताना एका रात्रीत निर्यात बंद होणार नाही, असं लेखी देणार का? तुम्हीही विचारा. आणि निफाड-येवल्याकडचे कुणी हे वाचत असतील तर डिसेंबर 2023 च्या त्या आठवड्यात तुमच्या बाजार समितीत काय भाव मिळाला, ते खाली लिहा.