आजोबांचे हात, नातवाचे हात

आलँ उगेत्तो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'नो डॉग्ज ऑर इटालियन्स अलाउड' या २०२२ सालच्या चित्रपटाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. बाहुल्या कणाकणाने सरकवत चित्रित केलेला, जेमतेम सत्तर मिनिटांचा हा अॅनिमेशनपट म्हणजे दिग्दर्शकाच्या आजी-आजोबांची, चेझिरा आणि लुईजी यांची, कहाणी आहे. त्याला फ्रान्समधल्या आनेसी या अॅनिमेशनपटांच्या महोत्सवात ज्युरी पुरस्कार आणि त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा युरोपियन फिल्म पुरस्कार मिळाला. तरीही 'कार्टून म्हणजे लहान मुलांचे' या आपल्याकडच्या समजुतीने असे चित्रपट बाजूला पडतात, म्हणून हा प्रपंच.

उगेत्तो घराण्याचे मूळ गाव उगेत्तेरा. ते इटलीच्या पिएमोन्ते प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी आहे आणि तिथे जो तो उगेत्तोच, असे दिग्दर्शकाने वडिलांकडून ऐकले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या डोंगराळ जमिनीवर पोट भरणे अशक्यप्राय होते. लुईजीसारखे तरुण हंगामापुरते डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये मजुरीला जात. पुढे १९११ मध्ये लिबियाचे युद्ध आले, त्यापाठोपाठ पहिले महायुद्ध आणि मग फॅसिस्टांचा अंमल. उगेत्तो कुटुंब अखेर फ्रान्समध्येच स्थिरावले. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली. त्या अफाट आकड्याचे एक घर कसे दिसते, हे हा चित्रपट दाखवतो.

ते ज्या रीतीने दाखवतो, त्यातच या चित्रपटाचे खरे मोल आहे असे मला वाटते. गरीब माणसांच्या घरी दफ्तर नसते. राजेरजवाड्यांची कागदपत्रे जपली जातात. बोगदा खणणाऱ्याचा फार तर एखादा फोटो उरतो. लुईजी तर नातवाच्या जन्माआधीच वारला होता. तेव्हा उगेत्तो यांनी त्या माणसांच्या आयुष्यात जे रोज हाताशी होते, त्यातूनच त्यांचे जग उभे केले. ब्रोकोलीचे तुरे झाडे होतात, कोळशाचे ढीग डोंगर होतात आणि साखरेच्या खड्यांच्या विटा होतात. ही नुसती गमतीची कारागिरी नाही. ब्रोकोली ही ब्रोकोलीच आहे, हे प्रेक्षकाला दिसत राहावे अशीच मांडणी आहे, त्यामुळे हे सारे नातवाने मागाहून, तुटपुंज्या आधारावर रचले आहे याचा विसर पडत नाही. आठवणींवर बेतलेल्या कितीतरी चित्रपटांना एवढा प्रांजळपणा साधत नाही.

त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे दिग्दर्शकाचा स्वतःचा हात. खराखुरा, माणसाच्या आकाराचा तो हात मधूनच चौकटीत शिरतो आणि बाहुल्यांच्या कामाला हातभार लावतो. चिमुकली चेझिरा त्या हाताच्या धन्याशी, म्हणजे नातवाशी, बोलते. आजोबांनी फावडे-कुदळ चालवली, वडीलही हातांनी वस्तू घडवण्यात रमणारे होते आणि मुलगा बाहुल्या घडवतो. हे नाते निवेदनात सांगितले जातेच, पण मला ते पटले ते बाहुलीजवळ थबकलेली ती बोटे पाहून.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. शीर्षकातील पाटी वाचताच 'कुत्र्यांना आणि हिंदी लोकांना प्रवेश नाही' या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या पाटीची आठवण होते आणि त्या अपमानाचा समाचार चित्रपट घेईल अशी अपेक्षा निर्माण होते. ती पुरती फळाला येत नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण फ्रान्समधील एग-मोर्त येथे मिठागरांवर कामाला आलेल्या इटालियन मजुरांची जमावाने हत्या केली आणि पुढे खटल्यातले सारे आरोपी निर्दोष सुटले. पुढच्याच वर्षी एका इटालियन अराजकतावाद्याने लियाँमध्ये राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांचा खून केला, तेव्हा त्या शहरातल्या इटालियनांची दुकाने फोडली गेली. लुईजीची पिढी याच फ्रान्समध्ये रोजगार शोधत होती. चित्रपटाचा कल मात्र विनोदाकडे आणि मायेकडे आहे, आणि निकोला पिओवानी यांचे सुरेल संगीत उरलेल्या कडाही गुळगुळीत करते. आजीच्या तोंडून आलेली गोष्ट अशीच असणार, हा बचाव मला मान्य आहे; घरातली वडीलधारी माणसे नातवंडांना झालेला अपमान सांगतानाही हसवूनच सांगतात. तरी एखादे दृश्य न हसवता संपले असते तर बरे झाले असते.

चेझिराला आवाज दिला आहे आरियान आस्कारीद या अभिनेत्रीने. त्या मार्सेयच्या, आणि त्यांच्या वडिलांचे घराणे मूळचे इटलीतले. मृत्यूची बातमी असो की स्वयंपाकघरातली कुरबुर, त्यांचा स्वर फारसा चढत नाही. चित्रपट मूळ फ्रेंच आवाजात, खाली उपशीर्षके ठेवूनच पाहावा. भाषांतरित आवाजात ती आजी भेटणार नाही.