सायकल राहू द्या, आधी मोजे बघा

सायकल चालवायला लागायचं म्हणताय? छान. मग 'कोणती सायकल घेऊ' असले बाळबोध प्रश्न विचारत बसू नका. सायकल चालवणं हा ह्या छंदातला सगळ्यात किरकोळ भाग. ती काय, पेपरवालाही चालवतो. खरं कसब आहे ते कपडे घालण्यात, आणि खरा आनंद दुसऱ्याने काय घातलंय ते बघून नाक मुरडण्यात. त्यासाठी आपल्या इंदूरसारखं गाव नाही. रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर जाऊन उभे राहा, तासाभरात शिक्षण पुरं होतं.

पहिला धडा नजरेचा. समोरून सायकलवाला आला की हात वर करण्याआधी त्याला खालून वर वाचत जायचं. मोजे, बूट, चड्डी, जर्सी, गॉगल, हेल्मेट, ह्याच क्रमाने. तोंडाकडे बघायची गरज नाही. तोंडावर ब्रँड छापलेला नसतो. मग सोबतच्याला हळूच म्हणायचं, "टी-शर्ट आहे रे." एवढं पुरतं. तो बिचारा महूच्या पुढे जाम गेटला जाऊन आला असेल, पण टी-शर्टात आला, म्हणजे आलाच नाही.

आता सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं, अंगाला चिकटतं, थंडीत वारं लागलं की कुडकुडायला होतं, हे खरंच आहे. पॉलिस्टरची जर्सी घाम बाहेर ओढते आणि लवकर वाळते, हेही खरं. पण हे कारण चुकूनही सांगायचं नाही. सांगितलं तर समोरचा शहाणा होईल, पुढच्या रविवारी जर्सी घालून येईल, आणि मग तुम्ही हसणार कोणाला?

मोज्यांकडे विशेष लक्ष असू द्या. आखूड मोजे म्हणजे नवशिका, फार उंच मोजे म्हणजे शिष्ट. ह्याला जागतिक आधार आहे बरं का. सायकल शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना, यूसीआय, हिचा मोज्यांच्या उंचीवर नियम आहे: घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचं जे अंतर, त्याच्या निम्म्याच्या वर मोजा जाता कामा नये. २०१९च्या सुमारापासून तर पायाला उपकरण लावून मोजतात. कारण ताशी पन्नासच्या वेगाला पोटरीवरचं ते खास विणलेलं कापड वाऱ्याचा विरोध थोडा कमी करतं आणि शर्यतीत तेवढ्यानेही फरक पडतो. आपला वेग विजयनगर चौकात सिग्नल सुटल्यावर ताशी अठरा. तेव्हा मोज्यांचा नियम आपण पाळायलाच हवा.

पांढरे बूट घ्या. पावसाळ्यात घरी बसा.

आतली चड्डी: नाही. ज्याला कळलं त्याला कळलं.

चड्डीत बसायच्या जागी शिवलेल्या पॅडबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही. पूर्वी त्या चड्डीत खरंखुरं कातडं शिवलेलं असे, धुतलं की वाळून कडक व्हायचं, म्हणून मलम चोळून मऊ करत. आता पॅड कृत्रिम आहे, आणि दोन तास खोगिरावर बसायचं असेल तर ते घ्याच. ज्याने पॅड न घालता चोरलपर्यंत जाऊन यायचा पराक्रम केला, त्याला सोमवारी ऑफिसात उभ्याने काम करताना लोकांनी पाहिलं आहे.

पांढरी जर्सी घातली असेल तर पोह्यांच्या ठेल्यावर जपून. इंदुरी पोहे, वरून शेव, कांदा, चिमूटभर जीरावण मसाला, आणि पोटावर झिपच्या अगदी शेजारी हळदीचा एक डाग. तो पुढची सात धुणी टिकतो. जाणकार त्या डागावरून तुम्ही कोणत्या ठेल्यावर जाता तेही सांगतात.

बायकांसाठी वेगळा धडा, कारण बायकांनी काय घातलं तरी ते चुकतंच. सलवार-कुडत्यावर सायकल चालवलीत तर ग्रुपवाले "काकू, असं चालत नाही" म्हणतात. बिब शॉर्ट्स, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली घट्ट चड्डी, घातलीत तर आमच्या रामबागेत गॅलऱ्या भरतात. मी पहिल्यांदा बिब घालून जिना उतरले तेव्हा खालच्या मावशी तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच हातात, पाणी कुंडीबाहेर चाललेलं. "अगं, सूनबाई आलीय आता घरात," एवढंच म्हणाल्या. सूनबाई वर झोपली होती. तिला बिब म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

मावशींना मी दोष देत नाही, परंपरा जुनी आहे. १८९८ साली इंग्लंडमध्ये लेडी हार्बर्टन नावाच्या बाई सायकलवरून ऑकम गावच्या हॉटेलात जेवायला गेल्या. अंगात स्कर्टऐवजी घेरदार विजार. मालकिणीने कॉफी-रूममध्ये बसू दिलं नाही, दारूच्या गुत्त्याकडच्या खोलीत बसा म्हणाली. सायकलवाल्यांचा क्लब कोर्टात गेला आणि १८९९मध्ये हरला. तेव्हा विजार घातली म्हणून हाकललं, आज विजार घातली म्हणून हसतात. बाईच्या पायांवर लक्ष ठेवायला जग कधी थकलेलं नाही.

आणि बिब शिवणाऱ्यांनीही बाईचा विचार केलाय म्हणावं, तर खांद्यावरून पट्टे येतात, वरून जर्सी. म्हणजे निसर्गाची हाक आली की आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. खंडवा रोडवर. मागे झिप किंवा हुक असलेल्या बिब मिळतात, पण किंमत ऐकून हाक आपोआप परत जाते. दुपट्टा नको हे मात्र मी स्वतः ओरडून सांगते. चेनमध्ये गेला की सायकल थांबत नाही, गळा थांबतो. पण हे कोणी काकूंना सांगत नाही. सांगतात ते "मॅचिंग नाहीये".

आता मुख्य धडा: जर्सीचा मान.

जर्सी ही नुसती घालायची वस्तू नव्हे, ती कमवायची असते. टूर द फ्रान्सची पिवळी जर्सी १९१९पासून, जो आघाडीवर त्याला. पिवळी का, तर शर्यत भरवणारं वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापायचं. इटलीच्या शर्यतीची गुलाबी १९३१पासून, तिथलं वर्तमानपत्र गुलाबी. टूरमधल्याच डोंगरातल्या राजाची, म्हणजे चढावर सरस ठरणाऱ्याची, लाल ठिपक्यांची, १९७५पासून. ठिपके एका चॉकलेट कंपनीचे. म्हणजे मान कसला, तर छापखान्याच्या कागदाचा आणि चॉकलेटच्या वेष्टनाचा. पण मान तो मान. आणि पांढऱ्यावर निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा असे पाच पट्टे असले, तर ती जगज्जेत्याची. ती दुसऱ्याने घालायची नसते.

हे सगळं मला कसं माहीत? परवाच्या रविवारी फुकट शिकवणी झाली.

थंडीचे दिवस, सहा वाजले तरी मिट्ट अंधार. सुपर कॉरिडॉरवर माझं मागचं चाक बसलं. मी चाक काढलं, टायर सोडवला, जुनी ट्यूब काढून नवी घातली, पंप मारायला घेतला, तर नव्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उखडून हातात आला. हाताला चेनचं काळं ग्रीस, नाकातून पाणी, आणि नाक पुसायला स्वच्छ असं एकही बोट नाही. तेवढ्यात मागून ग्रुप आला. सगळे एका रंगात. काळी चड्डी, काळी जर्सी, काळे मोजे, काळं हेल्मेट. मला आधी चाकांचा आवाज आला आणि मग माणसं दिसली, कारण एकाच्याही सायकलला मागे दिवा नव्हता.

त्यातला एक थांबला. चांगला तरणाबांड, मराठीच. म्हटलं, देव पावला.

"काकू, राग मानू नका, एक सांगू का?"

"सांग ना बाबा."

"ही जर्सी तुम्ही घालायला नको."

मी चाक हातात धरून बघतेय. भाच्याने पुण्याहून आणलेली जर्सी, छातीवर पाच पट्टे, मला रंग आवडले म्हणून घातलेली. मग तो सुरू झाला. हे पट्टे वर्ल्ड चॅम्पियनचे. तो वर्षभर घालतो. नंतर त्याला फक्त कॉलरवर आणि बाहीच्या काठावर लावायची परवानगी. तुम्ही घातलीत तर ते डिसरिस्पेक्टफुल दिसतं. मधेच मोबाइल काढून फोटोही दाखवला. मोबाइलच्या उजेडात मला निदान ट्यूब कुठे उखडलीय ते नीट दिसलं.

मी विचारलं, "तुझ्याकडे ट्यूब आहे का रे?"

तो वळला आणि पाठ दाखवली. जर्सीला मागे तीन खिसे असतात, ते कशासाठी असतात ते तुम्हाला माहीत आहे. तिन्ही सपाट, इस्त्री केल्यासारखे. "खिशात काही ठेवलं की फिट बिघडतो, काकू." पंप? "सायकलवर बरा नाही दिसत." मग माझ्या घोट्यांकडे बघून हसला. मी दोन्ही घोट्यांवर रेडियमची पट्टी बांधते, नंबरप्लेटवाल्याकडून घेतलेली. "हे काय, ट्रकवालं?" म्हणाला, बुटाच्या तळाची क्लीट खटकन पेडलात बसवली आणि गेला.

जगज्जेत्याचा मान राखायला थांबला, हे काय कमी आहे?

मी सायकल ढकलत गांधीनगरपर्यंत चालत गेले. साध्या कापडी बुटांत चालता येतं हा त्या बुटांचा मोठा दोष. क्लीटच्या बुटांत तेवढं अंतर चालून दाखवा, मग फॅशनवर बोलू. पंक्चरवाला तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. त्याने जुनी ट्यूब पाण्यात बुडवली, भोक शोधलं, कानशीने घासलं, सोल्यूशन लावून फुंकर मारली, पॅच दाबला. पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "मैडम, रेस में हो क्या?" मी म्हटलं, "हो भिया." त्याने त्याबद्दल पाच रुपये जास्त घेतले.

असो. आणखी धडे पटपट घेऊ.

एनर्जी जेल खाल्लं की रिकामं पाकीट रस्त्यावर टाकावं. इंदुरात! जिथे पानवाला पिंक टाकायच्या आधी चार बाजूंना बघतो, तिथे दोन हजारांची चड्डी घातलेला माणूस चालत्या सायकलवरून पाकीट उडवतो, कारण चिकट पाकीट खिशात ठेवलं तर, बरोबर ओळखलंत, फिट बिघडतो.

रील काढताना हेल्मेट हँडलला लटकवावं, केस दिसले पाहिजेत. शर्यतवाल्यांनाही २००३पर्यंत हेल्मेटची सक्ती नव्हती. त्या वर्षी मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किव्हिलेव्ह पडला, डोक्याला मार लागून गेला, तेव्हा कुठे यूसीआयने सक्ती केली. कपडे त्याच्या अंगावर उत्तमच होते.

आणि काळं घाला. काळ्यात बारीक दिसतं. डंपरवाल्याला तर इतकं बारीक दिसतं की दिसतच नाही.

नाही, आता पुरे. उपरोध बाजूला ठेवते, कारण हे हसण्यावारी न्यायचं नाही.

अरे बाळा, सुपर कॉरिडॉरवर पहाटे गाड्या कशा जातात ते तू बघतोस ना? रस्ता मोकळा मिळाला की कोणाचा पाय ब्रेकवर नसतो. आणि तू तिथे अंधारात नखशिखान्त काळा, दिव्याशिवाय, कारण सीटपोस्टवर दिवा 'क्लीन' दिसत नाही? झगझगीत पोपटी जर्सी घेतलीस, तरी तीही दिवसाच कामाची. तो रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर झळकतो. ऊन नाही तर झळाळी नाही, अंधारात तो नुसता महाग पोपटी. अंधारात कामाला येतो तो दिवा, आणि हेडलाइटचा उजेड परत फेकणारी पट्टी. ती घोट्याला बांधायची, कारण घोटा वरखाली होतो आणि ड्रायव्हरला लांबूनच कळतं की तिथे खांब नाही, माणूस आहे. तू ज्याला ट्रकवालं म्हणून हसलास ते हेच. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब सफरी, चालवणारे रात्री चमकपट्ट्यांचं जाकीट घालतात, हौस म्हणून नव्हे. नियम आहे, नाही घातलं तर बाद करतात. त्यांना विचार ते कसे दिसतात म्हणून. विचित्र दिसतात. घरी पोचतात.

तुला कपड्यांचा शौक आहे ना, कर की. घाल इटलीची जर्सी, मला सुंदरच दिसते ती. बिबचा उपयोग मला तुझ्यापेक्षा जास्त कळतो, कारण मला ती घालायला रामबागेचा अख्खा जिना उतरावा लागतो. पण रस्त्याच्या कडेला अंधारात चाक हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईजवळ थांबून तिच्या छातीवरचे पट्टे मोजतोस, तुला लाज नाही वाटत? माझ्या जागी तुझी आई असती तर तिलाही वर्ल्ड चॅम्पियनशिप समजावली असतीस?

येत्या रविवारी एका खिशात ट्यूब घाल, दुसऱ्यात टायर लिव्हर, आणि पंप सायकलला लाव. फिट बिघडू दे. मागे लाल दिवा लाव. पुढे कोणी थांबलेलं दिसलं तर आधी "काय हवंय?" म्हणून विचार. जर्सीबद्दल तुला जे बोलायचंय ते नंतर पोह्यांच्या ठेल्यावर बोलू, मी सगळं ऐकून घेईन. जर्सी मी तीच घालून येणार आहे, आणि पोह्यांचे पैसे तू द्यायचेस.