जुन्या मशीनचा बॅकअप भंगार नाही बावा, डिलीट नका करू

गावच्या सहकारी सोसायट्यांच्या अन् सेवा केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांपासून एक मेसेज फिरून रायला. विंडोज एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचे, जुने बॅकअप आता भंगार आहेत, ते सॉफ्टवेअरच बंद पडलं, मशीन चालू केल्याशिवाय आतल्या फाइली निघत नाहीत, एक तुकडा गेला की सगळंच गेलं, अन् निघाल्या तरी जुनं मराठी वाचता येत नाही, म्हणून उडवा अन् डिस्क मोकळी करा. मी तालुक्याच्या गावी हेच काम करतो, म्हणून लिहून रायलो. कोणी खरंच उडवलं तं गावाचा हिशोब जाते.

सॉफ्टवेअर बंद पडलं, हे खरं आहे. व्हर्च्युअल पीसी २००७ गेलं, व्हीएमवेअर सर्व्हर गेलं, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. पण फाइल कुठं बंद पडली? व्हीएमडीके म्हणा, व्हीएचडी म्हणा की व्हीडीआय म्हणा, ती म्हणजे फाइलीच्या रूपात ठेवलेली अख्खी हार्ड डिस्क आहे, आत विंडोजची फाइली ठेवायची साधी पद्धत, एनटीएफएस. सेव्हन-झिप नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर ती झिपसारखी उघडते. व्हीएचडी असेल तर विंडोज ७ पासून पुढं डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अटॅच व्हीएचडी करा, पण रीड-ओन्लीवर टिक मारायला विसरू नका.

मशीन चालू करा म्हणणाऱ्यांचं तं मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. डब्यातली डाळ काढायला चूल पेटवायची काय गरज? एक्सपी चालू झाली की ती लगेच डिस्कवर लिहायला लागते, लॉग, पेजफाइल, लाइन जाऊन अर्धवट बंद पडली असेल तर वरून चेकडिस्क म्हणजे डिस्कची आपोआप तपासणी-दुरुस्ती, अन् नव्या हार्डवेअरवर ॲक्टिव्हेशन मागते ते वेगळंच. त्यात स्नॅपशॉट घेतलेले असले, म्हणजे एका वेळची डिस्क तशीच ठेवून पुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिलेले असले, म्हणजे नावात ०००००१ असलेली व्हीएमडीके शेजारी दिसली, तर मूळ व्हीएमडीके एकटी लावून चालू करूच नका, मूळ बदलली की पुढच्या फाइलीचा तिच्याशी मेळ बसत नाही अन् साखळी तुटते. स्नॅपशॉटवाल्याचं सेव्हन-झिपवर भागत नाही, त्या सगळ्या फाइली एका फोल्डरात ठेवून लिनक्सवर क्यूईएमयू नावाच्या सॉफ्टवेअरच्या टूलनं आधी एक सलग डिस्क बनवावी लागते. अन् हे सगळं कॉपीवर, बॅकअपवाली खरी डिस्क कपाटात.

आता तुकड्याचं. मागच्या उन्हाळ्यात एका सोसायटीचे गटसचिव दुपट्ट्यात गुंडाळून एक्स्टर्नल डिस्क घेऊन आले. २०११ ची मशीन, ४० जीबीची, दोन-दोन जीबीच्या तुकड्यात, अन् त्यातला एस०११ नावाचा अकरावा तुकडा गायब, कोणे एके काळी कॉपी चालू असताना लाइन गेली होती. तुकड्यांसोबत एक छोटी व्हीएमडीके असते, ती नोटपॅडमध्ये उघडली की सगळी यादीच दिसते, प्रत्येक ओळीत ४१९२२५६ सेक्टर अन् तुकड्याचं नाव. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक कप्पा, तो ५१२ बाइटचा, गुणून पाहा, दोन जीबीला जरासं कमी भरते. म्हणजे गेलं ते तेवढंच. त्या जागी तेवढ्याच मापाचा रिकामा तुकडा त्याच नावानं ठेवला अन् बाकीचं फोल्डरसकट दिसलं. दोन-तीन फोटोच्या फाइली अर्ध्या निघाल्या, हिशोब पूर्ण. हां, दोन नंबरचा, म्हणजे २ ते ४ जीबीमधला तुकडा गेला असता तर जड गेलं असतं, कारण फाइलींची यादी ठेवणारा तक्ता बहुतेक वेळा ३ जीबीच्या आसपास सुरू होते. तेव्हाही सगळंच जात नाही, पण नावं जातात अन् मग एकेक फाइल ओळखत बसावं लागते.

मराठी वाचता येत नाही म्हणतात, ते फाँटमुळं. सचिवसाहेबांनी २००८ च्या कर्जमाफीची यादी उघडली तं नुसती चिन्हांची खिचडी, त्यांचा चेहराच उतरला. पण तेव्हाचा फाँट त्याच डिस्कवर विंडोजच्या फाँट्स फोल्डरात पडलेला असते ना राजेहो! तिथून काढला, माझ्या कॉम्प्युटरवर टाकला, फाइल पुन्हा उघडली, अन् शेतकऱ्यांची नावं एका खाली एक येऊन बसली. डीबीएफ या जुन्या डेटाबेस फाइलीतली खतावणी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडली, तिथंही तोच फाँट लावला. जुना प्रोग्राम लागलाच नाही.

नाही निघत ते कुठं, तेही सांगतो. मशीनला पासवर्डानं एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप केलं अन् पासवर्ड कोणालाच आठवत नाही, किंवा एक्सपीत हिरव्या नावाच्या, म्हणजे विंडोजनं एन्क्रिप्ट केलेल्या फाइली होत्या अन् त्या यूजरची किल्ली गेली, किंवा स्नॅपशॉट राहिला अन् मूळ डिस्कची फाइलच उडवली. या शेवटच्या प्रकारात मशीनचा काही दोष नाही, अशेच मेसेज वाचून कोणीतरी "जुनी मोठी फाइल" म्हणून उडवलेली असते.

ज्यांनी काल-परवा उडवलं असेल, त्यांनी त्या डिस्कवर आता काहीच कॉपी करू नका, लग्नाचे फोटोही नाही. तशीच काढून ठेवा अन् लवकर कोणा जाणकाराला दाखवा.